कामाची नखं

हातमोजे बंद झाल्याचं तिला इतरांबरोबरच कळलं, आणि इतरांसारखीच तिनंही मान डोलावली. जुन्या नकाशांच्या त्या संग्रहालयात ती नोकरीला लागली तेव्हापासून प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यात पांढऱ्या सुती हातमोज्यांची चळत असायची, आणि कागदाला हात लावायचा तो हातमोजे चढवूनच, हा तिथला पहिला धडा होता. आता नवे संचालक आले होते. ते हळू आवाजात बोलत, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहत, आणि बाहेरच्या मोठमोठ्या संग्रहालयांत काय चाललंय याची त्यांना खडान्‌खडा माहिती असे. त्यांनी समजावून सांगितलं, की हातमोज्याचं सूत कागदाच्या फाटक्या कडेत अडकतं, बोटाला कागदाची जाडी समजत नाही, आणि आजवर घामाच्या डागांनी जेवढे नकाशे खराब झाले नसतील त्याहून जास्त या हातमोज्यांनी फाडले असतील. तेव्हा पुढच्या सोमवारपासून उघडे हात. साबणानं धुतलेले, कोरडे, स्वच्छ. एवढं बोलून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात वर धरून दाखवले, आणि ते खरोखरच सुरेख होते. संग्रहालयाचा बाइंडर म्हणाला, चला, म्हणजे हात कसे धुवायचे ते आता या वयात शिकायचं. सगळे हसले. तीही हसली, हात टेबलाखाली ठेवून.

दुपारभर तिनं नेहमीसारखं काम केलं. एका बंदराचा नकाशा होता, घडीवर चिरलेला. मागून पातळ कागदाची पट्टी लावून, खळ ब्रशनं पसरून, ती चीर मिटवायची होती. हातमोजे घालून हे काम नीट होत नाही असं संचालक म्हणाले होते. तिचं होत होतं. ज्याला दुसरी वाटच नाही त्याला पुष्कळ काही जमतं, असं तिच्या मनात आलं, आणि तो विचार लगेच जरा दिखाऊ वाटला म्हणून तिनं सोडून दिला. हातमोज्यांच्या आत तिची नखं होती. जाड, पिवळी, मधेमधे तपकिरी, कडेनं भुगा होऊन झडणारी, आणि मुळाशी बोट कायम लालसर, सुजलेलं. उजव्या अंगठ्याचं नख तर नख म्हणावं असं उरलंच नव्हतं. तोंडात, जिभेच्या कडांना आणि गालांच्या आतून, पांढरे थर यायचे, जायचे, पुन्हा यायचे. ओठांचे कोपरे चिरायचे. आणि आणखी एका जागी जे व्हायचं त्याबद्दल तिनं आयुष्यात फक्त औषधाच्या दुकानातल्या बाईशी, तेही खाली बघत, बोलणं केलं होतं. बुरशी, यीस्ट, सगळ्याच बायकांना कधी ना कधी होतं, असं म्हणून ती बाई मलमाची नळी पिशवीत घालून द्यायची. इतर बायकांना होत असेल ते बरंही होत असेल. हिचं बरं व्हायचं ते पुन्हा येण्यापुरतं. ही नोकरी आपण नकाशांसाठी धरली की हातमोज्यांसाठी, हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नव्हता, कारण त्याचं उत्तर तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

संध्याकाळी घरी जाताना रस्ताभर तिला हातच दिसत राहिले. फळं तोलणारे, बसच्या दांड्याला धरलेले, फोनवर अंगठा फिरवणारे, लहान मुलाचं नाक पुसणारे. लोक आपले हात किती बेफिकीरपणे वापरतात, जसे काही ते बघायला कुणी बसलेलंच नाही. तिनं स्वतःचे हात कोटाच्या खिशात घातले होते आणि थंडी अजिबात नव्हती. एवढीशी गोष्ट. हातमोजे बंद झाले म्हणून कुणी मरत नाही. पण गेली कित्येक वर्षं दिवसातले आठ तास ती जी कुणी होती, नीटस, शांत, कामात पक्की, ती बाई सोमवारपासून असणार नव्हती. तिच्या जागी घाणेरडी नखं असलेली एक बाई येऊन बसणार होती, आणि त्या बाईला ती फार जुन्या काळापासून ओळखत होती.

तिच्या वडिलांची लाँड्री होती. घराच्याच मागच्या अंगाला, लांबलचक, पत्र्याच्या छपराची. तिथं हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलांवरचे कपडे धुतले जात. आत कायम वाफ, आणि फरशी कधी कोरडी म्हणून नाही. आईबाबा दोघंही दिवसभर तिथंच असत. बाबांची नखं जाड, तपकिरी, वेडीवाकडी होती, आणि सगळी गल्ली त्यांना कामाची नखं म्हणायची. बाबांना त्याचा अभिमान होता. एखादा हॉटेलवाला फारच कुरकुर करू लागला की बाबा काही न बोलता दोन्ही पंजे त्याच्यापुढे टेबलावर पसरायचे. हॉटेलवाला गप्प बसायचा. हिला तशीच नखं तिसऱ्या-चौथ्या वर्षी आली. चार वर्षांच्या पोरीनं काम ते काय केलं असणार? आईनं तिच्या परीनं अर्थ लावला: पोर दिवसभर ओल्यात खेळते, लोकांच्या मळक्या चादरींत लोळते, त्यातून काहीतरी शिरलं. त्या दिवसापासून हिला ओल्या खोलीची बंदी झाली. हिचा टॉवेल वेगळा, पेला वेगळा, कपडे वेगळे उकळायचे. रोज शाळेतून आली की आई हिचे हात दिव्याखाली धरून बघायची, मग तोंड उघडायला लावायची आणि फडक्यानं जीभ पुसून काढायची. रागानं नाही. आईनं तिच्यावर कधी हात उगारला नाही. "हात नीट धुतलेस का?" एवढंच विचारायची, रोज, आणि त्या प्रश्नाला खरं उत्तर असं काही नव्हतंच. पुढच्या कोरड्या खोलीत बसून ती धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायची, आईनं जुन्या चादरीचे शिवून दिलेले हातमोजे घालून. दाराच्या फटीतून वाफ यायची आणि आईबाबांचं हसणं यायचं. ती दोघं काम करताना फार हसायची. त्या घरातलं तिला आठवतं तेवढं सगळं हसणं दाराच्या पलीकडचं आहे.

मग भाऊ झाला. घरात त्याला बाबू म्हणत, अजूनही म्हणतात. मुलगा म्हणजे धंदा शिकणार, तेव्हा त्याला ओल्या खोलीत मोकळं रान होतं. त्याची नखं आठव्या-नवव्या वर्षी बिघडायला लागली. बाबांनी त्याचा पंजा आपल्या पंजाशेजारी टेबलावर ठेवला, आईला हाक मारली आणि म्हणाले, हा बघ, आला धंद्यात. अगदी बापावर गेलाय, आई म्हणाली, आणि बाबूच्या केसांतून हात फिरवला. ही तेव्हा दारात उभी होती, चादरीच्या हातमोज्यांत. तेच नख, तोच रंग, तोच भुगा. त्याचं ते कर्तृत्व, हिची ती अस्वच्छता. यात काही विचित्र आहे असं तिला तेव्हा वाटलं नाही. मोठी माणसं इतक्या शांतपणे एखादी गोष्ट मांडतात तेव्हा ती मुलांना विचित्र वाटत नाही, आणि पुढे मूल मोठं होतं तोवर सवय झालेली असते. तिचं लग्न झालं तेव्हाही ती सवय तिच्याबरोबर गेली. नवरा सभ्य होता. तो कधी काही बोलला नाही. फक्त जवळ येऊन गेल्यावर उठायचा, आणि न्हाणीघरातला नळ बराच वेळ वाहत राहायचा. ती पडल्या पडल्या ऐकायची. तिला राग यायचा नाही; त्याच्या जागी आपणही नळ सोडला असता, असंच तिला वाटायचं. तीन-चार वर्षांत ते वेगळे झाले, भांडण न करता, भाड्याचं घर सोडावं तसे.

सोमवार यायच्या आत तिनं साठलेली रजा टाकली आणि कातडीच्या एका डॉक्टरकडे गेली. आजवर ती अशा बऱ्याच जणांकडे जाऊन आली होती. सगळे नखांकडे बघत, नाक किंचित आक्रसत, आणि लावायला काहीतरी देत. हे म्हातारे होते. त्यांनी नखांकडे ओझरतं बघितलं आणि म्हणाले, तोंड उघडा. बराच वेळ टॉर्च धरून आत बघत राहिले. मग विचारलं, किती वर्षांची होतात तेव्हापासून? ती म्हणाली, आठवतंय तेव्हापासून. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, मोठ्या इस्पितळातल्या एका विभागाचं नाव लिहून दिलं, तिथं तिचं रक्त घेतलं, आणि तपासणीचा निकाल यायला इतके आठवडे लागले की तिला रजा वाढवून घ्यावी लागली. त्या आठवड्यांत ती घरी बसून खिडकीतून समोरच्या इमारतीचं रंगकाम बघत होती. रंगारी दोरीवर बसून वरून खाली येत होते. त्यांच्या हातांवर रंग होता आणि त्याबद्दल त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं.

निकाल सांगायला जी डॉक्टर होती ती वयानं हिच्या निम्मी असावी. तिनं खुर्ची टेबलाच्या बाजूनं पुढे ओढली, आणि बोलता बोलता हिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. हातमोजे न घालता. अंगठ्याच्या त्या नखावरून तिनं आपलं बोट फिरवलं, एखाद्या वस्तूची कड तपासावी तसं. हिच्या खांद्यापर्यंत शहारा गेला. हात मागे घ्यावा असं वाटलं, आणि तो मागे घ्यायचं राहून गेलं. डॉक्टर सांगत होती, ही बुरशी सगळ्यांच्याच अंगावर असते, तोंडात, पोटात; माझ्याही आहे. शरीरातल्या एका प्रकारच्या पेशी तिच्यावर लक्ष ठेवून असतात म्हणून ती वाढत नाही. त्या पेशी तयार व्हायच्या तर आतलं एक बटण वेळच्या वेळी बंद व्हावं लागतं. तुमच्या जनुकात ते बटणच असं आलंय, की एकदा चालू झालं की लवकर बंद होत नाही. त्यामुळे त्या पेशी पुरेशा तयारच होत नाहीत. जन्मल्यापासूनच. यात तुम्ही केलेलं काही नाही आणि न केलेलंही काही नाही. हिनं विचारलं, पाण्यानं होतं का? घाणीनं? डॉक्टर म्हणाली, ओलाव्यानं थोडं वाढत असेल, पण त्यानं होत नाही. दुसऱ्या कुणी त्याच पाण्यात उभा जन्म काढला तरी त्याला हे होणार नाही. मग तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का असं? आणि ही म्हणाली, नाही.

ती खोटं बोलली नव्हती. तिच्या घरात हे खरोखरच आणखी कुणाला नव्हतं. डॉक्टरनं लिहून घेतलं आणि गोळ्यांबद्दल बोलायला लागली. रोज घ्याव्या लागतील, कदाचित कायमच्या, अधूनमधून रक्त तपासावं लागेल, थायरॉइड बघावं लागेल, पण फरक पडेल, नखं चांगली यायला वर्ष लागेल पण येतील. ही ऐकत होती. हात अजून डॉक्टरच्या हातातच होता. त्या हाताकडे बघता बघता तिला दुसरे दोन हात दिसले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले, एक मोठा आणि एक लहान. ती म्हणाली, "माझ्या वडिलांची नखं अशीच होती. भावाचीही आहेत. पण ती कामाची." हे शेवटचं वाक्य तिनं तिच्या त्याच नेहमीच्या, समजूतदार आवाजात उच्चारलं, आणि मग ते खोलीत तसंच राहिलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. वडील कशानं गेले? अन्ननलिकेनं, गिळता येईना, मग तिथं गाठ निघाली, ती कळली तेव्हा फार उशीर झाला होता, बारा वर्षं झाली. डॉक्टरनं कागद बाजूला सारला. मग सावकाश म्हणाली, या बुरशीवर उपचार झाले नाहीत तर काहींमध्ये ती खाली अन्ननलिकेत उतरते, वर्षानुवर्षं आतून व्रण होत राहतात, नळी अरुंद होते, आणि काहींना पुढे तुमच्या वडिलांसारखं होतं. आई किंवा वडिलांना हे असलं तर प्रत्येक मुलाला ते यायची शक्यता निम्मी. भावाला लवकरात लवकर घेऊन या. गिळायचा काही त्रास आहे का त्याला? हिनं जराही विचार न करता सांगितलं, नाही, जेवतो चांगला. उठताना तिनं विचारलं, ज्या गोळ्या तुम्ही मला देताय त्या बाबांच्या वेळी होत्या का? डॉक्टर म्हणाली, "गोळ्या होत्या. हे जनुकाचं तेव्हा इथं कुणाला माहीत नसेल, पण गोळ्या होत्या. वेळेवर कुणी त्यांचं तोंड उघडून बघायला हवं होतं."

बाहेर ऊन होतं. इस्पितळाच्या पायऱ्यांवर लोक बसून डबे खात होते. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि ते वाटेल म्हणून ती पायऱ्यांच्या कडेला थोडा वेळ थांबलीही. पण आत काही हललं नाही. एखादा खटला इतकी वर्षं चालावा, की निर्दोष ठरल्यावर माणसानं कोर्टाबाहेर येऊन आता कुठं जायचं ते आठवत उभं राहावं, तशी ती उभी होती. मग हळूहळू एक गोष्ट वर आली, आणि ती आनंदाची नव्हती, रागाची होती. तिला आईला हे सांगायचं होतं. आईसमोर बसून, आवाज न चढवता, सांगायचं होतं, की माझ्यात जे होतं तेच तुझ्या नवऱ्यात होतं, त्याच्याकडून आलं, तू ज्याच्या हातांची गल्लीभर तारीफ ऐकत आलीस तेच हात मला मिळाले, आणि माझं तोंड रोज उघडून बघत होतीस तसं त्याचं एकदा जरी बघितलं असतंस तरी तो आज असता. वाक्य तयार होतं. डॉक्टरनं जवळपास तयारच करून दिलं होतं. ते इतकं नेमकं होतं की त्यात एका शब्दाची भर नको की काट नको.

तरी ती गेली नाही. तो रविवार गेला आणि त्यापुढचाही गेला. आईला फोनवर सांगितलं, बरं नाही. बाबूला तपासायला न्यायचं आहे हे तिला दर वेळी आठवत होतं आणि ते आठवण्याइतकंच राहत होतं. ती स्वतःला सांगत होती की घाई नाही, तो जेवतो चांगला. खरं कारण तिला माहीत होतं. बाबूला सांगितलं की त्याची नखं आणि आपली नखं एक होणार. आपल्याला जे मिळालं ते वाटून घ्यावं लागणार, आणि जन्मभर शिक्षा एकटीनं भोगल्यावर सुटका मात्र दोघांत वाटायची, हे तिच्या जिवावर आलं होतं. दुसरं म्हणजे, बाबूकडे त्या नखांशिवाय बाबांचं दुसरं काय होतं? लग्न राहून गेलं होतं, लाँड्री मोठ्या यंत्रांच्या नव्या लाँड्र्यांपुढे कशीबशी तग धरून होती. पण लोक अजून त्याचे हात बघून म्हणायचे, बाप उभा केलास. ते हिरावून घ्यायला तिला वाईट वाटत होतं, आणि थोडं बरंही वाटत होतं. आपल्याला बरं वाटतंय हे तिनं बघितलं, एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं, आणि गोळी घेतली. गोळ्यांनी तोंड साफ होत चाललं होतं. आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा तिला संत्र्याची फोड झोंबली नाही.

तिसऱ्या रविवारी ती गेली. आईनं दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे आधी हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. घरात साबणाचा वास होता, आणि मागच्या बाजूनं यंत्राचा घरघराट येत होता. बाबूनं रविवारीही एक भट्टी लावली होती. तो ओले हात पँटला पुसत आत आला, ताई, किती वाळलीस गं, म्हणाला, आणि टेबलाशी बसला. आईनं पाव, उकडलेले बटाटे आणि अंडी मांडली, आणि बाबूपुढे पाण्याचा भरलेला जग ठेवला. तो जग या घरात बाबांच्या वेळेपासून होता, म्हणजे जग बदलले असतील, पण जागा तीच. बाबा प्रत्येक घासाला पाणी प्यायचे. लाँड्रीवाला आहे, ह्यांचं जेवणसुद्धा ओलं, असं आई म्हणायची आणि पाहुणे हसायचे. बाबा गेल्यानंतर केव्हातरी बाबूही तसंच करायला लागला. तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अगदी बापावर गेलाय, असं ती शेजारणीला सांगत होती, आणि ते ऐकताना हिनंही कौतुकानं मान हलवली होती. आता तिनं बाबूकडे बघितलं. तो पावाचा तुकडा मोडत होता, चावत होता, चावतच होता, मग पेला उचलत होता, मान जराशी पुढे काढून घोट घेत होता, आणि तो घोट खाली जाईपर्यंत त्याचे डोळे टेबलावरच्या एका जागी स्थिर होत होते. मग पुढचा तुकडा. जेवतो चांगला, असं आपण डॉक्टरला सांगितलं होतं. तिच्या हातातलं अंडं सोलायचं थांबलं. तिला भीती वाटली, आणि गेले दोन रविवार तिच्यापुढे दोन रिकाम्या खुर्च्यांसारखे येऊन बसले.

तिनं सांगितलं. ठरवलं होतं तसं नाही; भराभर, मधलं गाळून. रक्त तपासलं, जनुकातलं निघालं, बाबांकडून आलेलं, तुझ्यातही असणार, उद्याच्या उद्या इस्पितळात यायचं. बाबू हसला. तुझं वेगळं, ताई, म्हणाला, तुला लहानपणापासूनचा आजार. माझी ही कामाची नखं, सोडा आणि गरम पाणी, दुसरं काय. आई म्हणाली, त्याला कशाला घाबरवतेस, तो दिवसभर पाण्यात असतो. तेव्हा तिनं जग उचलला आणि आपल्या बाजूला, टेबलाच्या टोकाला ठेवला. पेलाही ठेवला. "हा एवढा तुकडा पाण्याशिवाय खा," ती म्हणाली. "खाऊन दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही."

बाबूनं आईकडे बघितलं, वेडीच आहे असा चेहरा केला, आणि तुकडा तोंडात टाकला. त्यानं चावला. आणखी चावला. लहानपणी पैज लावताना असायचा तसा थोडासा खट्याळपणा सुरुवातीला त्याच्या चेहऱ्यावर होता. मग त्यानं गिळला, आणि तो खट्याळपणा गेला. त्याचा हात छातीच्या मधोमध गेला आणि तिथं दाबून राहिला. मान पुढे आली. त्यानं पुन्हा गिळलं, नुसतंच. डोळे भरून आले. मागच्या खोलीत यंत्र थांबलं होतं, त्यामुळे त्याच्या घशातून येणारा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला. हिनं पेला पुढे केला. पण तोवर तो उठून कोपऱ्यातल्या बेसिनवर वाकला होता. आई खुर्चीतून अर्धवट उठली आणि तशीच राहिली. तिनं हे आधी बघितलेलं होतं. याच घरात, याच बेसिनवर, बाबांच्या शेवटच्या वर्षात रोज, आणि तेव्हा ती पाठीवरून हात फिरवत म्हणायची, घाई किती करता, सावकाश खा. ती खाली बसली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

बाबू तोंड पुसत परत आला. त्यानं उरलेला पाव दूर सारला. मग विचारलं, "किती दिवस झाले असं, सांगू का? पाच वर्षं. मला वाटायचं बाबांची सवय लागली." ती म्हणाली, सकाळी लवकर निघू. तो हो म्हणाला. औषध आहे ना, असंही त्यानं विचारलं, आणि तिनं आहे म्हणून सांगितलं. मी घेते तेच, तुझी नळी थोडी रुंद करून घ्यावी लागेल, आधी आतून बघतील, पण वेळेवर आलास. हे वेळेवर आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. तो मागे गेला, यंत्रातल्या चादरी तशाच राहिल्या होत्या. त्या काढताना ओलं कापड आपटल्याचे आवाज येत राहिले.

टेबलाशी दोघीच उरल्या. आईनं दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि पावाचा चुरा बोटानं एका जागी गोळा करत होती. हिनं त्या हातांकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला ते दिसले. आईनं बाबांच्या बरोबरीनं त्याच पाण्यात, त्याच सोड्यात, चाळीस वर्षं काढली होती. कातडी सुरकुतली होती, सांधे सुजले होते. पण नखं पातळ होती, गुलाबी, गुळगुळीत, शाळकरी मुलीची असावीत तशी. ती रोज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. हिचं तोंड उघडून धरणारे हेच हात होते, आणि घरातल्या एकालाही, हिलासुद्धा, त्यांच्याकडे बघायचं सुचलं नव्हतं.

आई वर न बघता म्हणाली, "ह्यांना मिळाल्या असत्या का गं या गोळ्या?"

वाक्य हिच्याकडे तयार होतं. गेले तीन आठवडे ते जिभेवर होतं, आणि जीभ आता साफ होती. आई वाट बघत होती. ती काय ऐकायची वाट बघतेय ते हिला कळत होतं, आणि खरं ऐकल्यावर तिचं काय होईल तेही. ती आधी हिला विचारेल, मग स्वतःला, आणि मग उरलेलं आयुष्य रोज, दिव्याखाली.

"नाही आई," ती म्हणाली. "तेव्हा या नव्हत्याच. आत्ता आल्या."

आईनं मान हलवली. चुरा मुठीत घेतला, उठली, आणि तिच्याजवळून जाताना थांबली. तिनं हिचा उजवा हात उचलला, सवयीनं, आणि दिव्याकडे नेता नेता मधेच थांबवला. मग त्या अंगठ्याकडे न बघता तो तसाच धरून उभी राहिली.